चार वॅट आणि छपरावरचा अँटेना



रेडिओवरून बोलायचं म्हटलं की लोक आधी सेटची चौकशी करतात. कुठल्या कंपनीचा, किती चॅनेलचा, केवढ्याला पडला. आज मला सेटबद्दल फारसं बोलायचं नाही. त्याच्या मागून निघून छपराकडे जाणारी केबल आणि तिच्या टोकाला उभा असलेला अँटेना, हा आजचा विषय आहे. उदाहरण घेतो अमेरिकेतल्या सिटिझन्स बँड रेडिओचं. तिथे त्याला सगळे सीबीच म्हणतात. हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे, कारण तिथल्या कायद्याने सेटला घट्ट बांधून ठेवलं आणि अँटेन्यात मात्र माणसाच्या कसबाला जागा ठेवली.

१९५८ साली तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे २३ चॅनेल सामान्य नागरिकांना दिले. १९७३ च्या तेलसंकटात ट्रकचालक या रेडिओवरून डिझेल कुठल्या पंपावर आहे ते एकमेकांना सांगू लागले आणि घराघरांत सीबी शिरला. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले, १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटही गेली. शक्तीची मर्यादा मात्र तशीच राहिली : एएमवर ४ वॅट. आपल्याकडच्या जुन्या झिरोच्या बल्बलाही याहून जास्त वीज लागते. एवढ्याशा विजेवर दहा-पंधरा किलोमीटर पलीकडच्या माणसाशी बोलायचं, तर ती वाटेत वाया जाऊ न देणं एवढंच आपल्या हातात उरतं.

आता लांबी. प्रकाशाचा वेग कंप्रतेने भागला की तरंगलांबी मिळते. २७.२ मेगाहर्ट्झला ती ११ मीटर येते. तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. प्रत्यक्षात धातूची काठी याहून थोडी आखूड, २.६ मीटरच्या आसपास ठेवावी लागते. सीबीवाल्यांची १०२ इंची पोलादी काठी प्रसिद्ध आहे, तिचं माप इथूनच आलं. घरावर अशी काठी उभी केली की तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या तीन-चार आडव्या काड्या लावतात. त्या जमिनीची जागा घेतात. अगदी आडव्या ठेवल्या तर अँटेन्याचा रोध ३६ ओहमच्या आसपास येतो. खाली ४५ अंशांत झुकवल्या तर तो ५० च्या जवळ जातो, आणि सेट व केबल दोन्ही ५० ओहमचीच असतात. तरंगलांबीच्या पाच-अष्टमांश लांबीचा, पावणेसात-सात मीटरचा अँटेनाही लोकप्रिय आहे. त्याच्या बुडाशी जुळणीसाठी वेटोळं असतं, आणि तो आपली शक्ती क्षितिजालगत अधिक टाकतो.

पैसे नसतील तर सव्वापाच मीटर तार मधोमध तोडून दोन्ही भाग उभ्या रेषेत टांगा. गाड्यांवरचे अँटेने उभे असतात, म्हणून आपलाही उभाच हवा. आडवा टांगला तर जवळपासचे आवाज फार क्षीण येतील.

उंचीचं गणित सरळ आहे. रेडिओचं क्षितिज उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लांब जातं. चार मीटरवर ते आठ किलोमीटरच्या थोडं पुढे असतं, सोळा मीटरवर साडेसोळाच्या आसपास. म्हणजे उंची चौपट, पल्ला दुप्पट. अमेरिकी नियमानुसार अँटेन्याचं टोक जमिनीपासून ६० फूट किंवा इमारतीच्या वर २० फूट, यांपैकी जे अधिक असेल तिथवर नेता येतं. पण उंचीबरोबर केबल लांबते, आणि इथे लोक काटकसर करतात. पातळ आरजी-५८ केबल तीस मीटर वापरली तर २७ मेगाहर्ट्झला चाळीस टक्क्यांच्या आसपास शक्ती केबलच तापवण्यात जाते. जाड आरजी-२१३ मध्ये तोटा त्याच्या निम्म्यावर येतो. सेटवर खर्च करायचे पैसे केबलवर करा, हे मी तळमळीने सांगतो.

आता जुळणी. अँटेना आणि केबल यांचा मेळ नसेल तर शक्तीचा काही भाग परत फिरतो. तो किती, हे एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. मीटर सेट आणि केबल यांच्यामध्ये जोडायचा, पुढच्या दिशेला काटा पूर्ण रेघेवर आणायचा, मग बटण उलट दिशेला फिरवून वाचायचं. २ आलं तर सुमारे ११ टक्के शक्ती परत येते आहे, ३ आलं तर २५. दीडला फक्त ४ टक्के. दीडच्या खाली आल्यावर आणखी झटत बसू नये.

मात्र एकाच चॅनेलवर वाचून भागत नाही. १, २० आणि ४० या तिन्हींवर वाचा. ४० पेक्षा १ वर आकडा कमी असेल, तर अँटेना लांब झाला आहे, टोक थोडं आत घ्या. ४० वर कमी असेल तर तो आखूड आहे, बाहेर काढा. एका वेळी अर्धा-एक सेंटिमीटरच. आणि वाचन अँटेना त्याच्या कायमच्या जागी उभा असताना घ्यायचं, कारण जवळचा पत्रा, भिंत, स्वतः आपणही ते बदलतो. तिन्ही चॅनेलवर आकडा सारखाच मोठा येत असेल तर लांबीच्या मागे लागू नका. जोड सैल असेल किंवा केबल कुठे तरी आत शॉर्ट झाली असेल. मल्टिमीटर लावून पाहिलात आणि मधली तार बाहेरच्या जाळीला थेट जोडलेली दिसली, तरी लगेच घाबरू नका. बुडाशी वेटोळं असलेले बरेच अँटेने तसेच बनवलेले असतात. एकदिश विजेला ते वेटोळं म्हणजे सरळ तार, २७ मेगाहर्ट्झला नव्हे.

या मीटरची भक्ती मात्र मला मान्य नाही. अँटेन्याच्या जागी ५० ओहमचा साधा रोधक लावा, मीटर अगदी १ दाखवेल आणि तुमचा आवाज शेजारच्या गल्लीतही पोचणार नाही. तोट्याची, जुनाट केबलही आकडा छान दाखवते, कारण परत फिरलेली शक्ती सेटपाशी येईपर्यंत तीच खाऊन टाकते. म्हणून मी उंची, चांगली केबल आणि घट्ट डाखलेले जोड यांना आकड्याच्या आधी मान देतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान स्वीकारलं, ती. अॅल्युमिनियमचा लांब खांब उभा करताना तो विजेच्या तारेला टेकला तर खांब धरलेला माणूस सहसा वाचत नाही. अमेरिकेत सीबीच्या लाटेत अशी माणसं गेली. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने आधी घरगुती सीबी अँटेन्यांवर इशारे सक्तीचे केले, मग १९८३ पासून पुढे बनणाऱ्या, सर्व दिशांना प्रक्षेपण करणाऱ्या अँटेन्यांना विद्युतरोधक आवरणाची अट घातली. १४,५०० व्होल्टच्या तारेला टेकूनही प्राणघातक प्रवाह खांबात उतरू नये, अशी ती चाचणी आहे. आपल्याकडे हौशी रेडिओचे परवानाधारक गच्चीवर तारा टांगतात, तेव्हा असं आवरण नसतं. जागा निवडताना खांबाची आणि अँटेन्याची मिळून जी लांबी होईल तिच्या किमान दीडपट अंतर विजेच्या तारेपासून मोजून घ्या. तेवढं मिळत नसेल तर त्या जागी अँटेना उभारू नका. कधीही एकट्याने चढू नका, वाऱ्यात चढू नका. खांब कलायला लागला आणि तारेकडे जाऊ लागला तर तो धरून ठेवायचा नाही, सोडून दूर व्हायचं.

विजांच्या काळात सेटमागची केबल काढून ठेवावी. खांबाला जाड तारेने भूसंपर्क द्यावा आणि तो घराच्या भूसंपर्काशी जोडावा. वीज थेट पडली तर हे पुरेसं नाही, पण वादळी हवेत अँटेन्यावर साचणारा भार त्याने उतरतो.

पाण्याचं एक सांगून थांबतो. केबलचा वरचा जोड हवाबंद पट्टीने गुंडाळा, खालून वर, म्हणजे थरांवरून पाणी घसरेल. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथेच गळून जाईल. आणि पहिल्या दिवशीचे तिन्ही चॅनेलचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. ते बदलले असतील, तर आधी वरचा जोड उघडून पाहा.