चाकाच्या खुर्चीतून पन्हाळा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी माझ्याहून अधिकारी वक्ते विस्ताराने बोलले आहेत. मी कापडाचा व्यापारी. मला बोलायचे आहे ते एका मोजमापाविषयी. चाकाच्या खुर्चीतील माणसाला डोंगरावरचे ऐतिहासिक गाव पाहायचे असेल तर काय काय लागते, त्याचा हा हिशेब आहे.

माझ्या थोरल्या भगिनी, आम्हा सर्वांच्या ताई, यांनी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. मणक्याच्या आजारामुळे आता त्या चाकाच्या खुर्चीवर असतात. धायरीकरांना सिंहगड नित्य समोर दिसतो. पण मोटार वाहनतळापर्यंतच जाते, पुढे पायऱ्यांची चढण लागते. म्हणून ताईंनी पन्हाळा निवडला. पन्हाळा हा गड असला तरी ते नांदते गाव आहे. तेथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, बाजार आहे आणि मुख्य म्हणजे गडावर फिरणारे डांबरी रस्ते आहेत.

कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर हे गाव वसले आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, गडाला मजबुती आली. पुढे आदिलशाही आणि शिवकाळ पाहून अठराव्या शतकात तो करवीर गादीची राजधानी झाला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी येथील चार दरवाजा पाडून टाकला. मोटारीचा रस्ता त्याच जागेवरून आत येतो. ताई म्हणाल्या, “ज्यांनी दरवाजा पाडला, त्यांना माझी खुर्ची ठाऊक नव्हती.” अर्थात हा रस्ताही डोंगराच्या मर्जीवर आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो खचला आणि वाहनांची वाट बंद पडली. धडधाकट माणूस अशा वेळी पायवाट शोधतो. खुर्चीला दुसरी वाट नसते.

आमच्या धंद्यात आधी माप, मग कात्री. प्रवासाचेही तेच. साधी घडीची खुर्ची सुमारे पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि पुष्कळ ठिकाणी न्हाणीघराचे दार दोन फूटच असते. एका निवासाच्या व्यवस्थापकांनी दूरध्वनीवर “सर्व सोय आहे” असे सांगितले. प्रत्यक्षात दारात दोन पायऱ्या आणि न्हाणीचे दार दोन फुटांचे निघाले. आम्हाला रात्री आठ वाजता दुसरी जागा शोधावी लागली. तेव्हापासून मी “सोय आहे का” असे विचारीत नाही. “दार किती इंच आणि पायऱ्या किती” एवढेच विचारतो.

गडावर पहिल्यांदा अंबारखाना पाहिला. गंगा, यमुना, सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. छतावर जाणाऱ्या जिन्याचा ताईंना उपयोग नव्हता. पण कोठीची भव्यता खालून जितकी कळते, तितकी छतावरून कळत नाही.

तीन दरवाजाकडे फरसबंदीने परीक्षा घेतली. खुर्चीची पुढची लहान चाके दगडांच्या सांध्यांत अडकतात. अशा वेळी खुर्ची किंचित मागे झुकवून केवळ मोठ्या चाकांवर न्यावी. तीव्र उतारावर ती उलटी, म्हणजे बसलेल्या माणसाची पाठ उताराकडे ठेवून न्यावी. आणि बसलेल्या व्यक्तीला विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावू नये. मदतीला धावलेले तरुण सहृदय होते, पण ते मला विचारीत, “आजींना उचलू का?” ताई शांतपणे म्हणत, “बाळांनो, माझे मलाच विचारा.”

जवळच अंधारबाव आहे. वेढ्याच्या काळात पाणी सुरक्षित राहावे म्हणून विहिरीवर मजल्यांची इमारत बांधलेली आहे. तेथे पायऱ्या उतराव्या लागतात. ताई बाहेर थांबल्या, मी आत जाऊन पाहून आलो आणि परत येताच त्यांनी विद्यार्थ्याची घ्यावी तशी माझी तोंडी परीक्षा घेतली. प्रत्येक जागी पोहोचता आलेच पाहिजे असे नव्हे; परंतु कुठे जायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरविण्याचा अधिकार खुर्चीतील माणसाकडे असला पाहिजे.

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी त्यांनी सिद्दी जौहरच्या वेढ्याची कथा सांगितली. जुलै १६६० मध्ये भर पावसात शिवाजी महाराज पालखीतून विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद महाराजांच्या वेषात बसले आणि त्यांनी प्राण दिला. या गडावरचा सर्वांत थोर प्रवास इतरांच्या खांद्यांवरून झाला आहे. तेव्हा कोणाच्या खांद्यावरून जाण्यात कमीपणा नाही. शत्रुंजयावर आणि श्रवणबेळगोळला आपले वृद्ध डोलीतून जातात, ते याच भावनेने. पण डोली हवी तेव्हा असावी. ती रोजची लाचारी होऊ नये.

रायगडावर १९९६ मध्ये रज्जुमार्ग झाला, गिरनारवर २०२० मध्ये झाला. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात असे तो सांगतो. जुने दगड फोडू नयेत, हे खरेच. पण वाहनतळापासून दरवाजापर्यंत एक सपाट पट्टी, एक रुंद दाराचे स्वच्छतागृह आणि कुठे किती पायऱ्या आहेत याचा एक फलक, एवढ्याने गडाचे काहीही बिघडत नाही.

आता आपल्याविषयी. आपल्या सभागृहासमोर सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत. उतरणीचे मान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे अठरा इंच उंचीसाठी अठरा फूट लांबीची उतरण लागेल. डाव्या बाजूची जागा मी फीत लावून मोजली आहे. बावीस फूट आहे. मंदिरात रस्त्यावरची चाके नकोत, हा संकोच मी समजतो. त्यासाठी चामडे नसलेली एक स्वच्छ खुर्ची मंदिरातच ठेवावी आणि दारात बदलून घ्यावी. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून हे काम पर्युषणापूर्वी व्हावे, अशी सूचना मी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. उतरणीचा खर्च माझ्या दुकानातर्फे देण्याची आज्ञा व्हावी. मात्र नावाची पाटी लावू नये.

जे आज आपल्यात नाहीत, त्यांतील काहीजण प्रवासाला नव्हे, केवळ या तीन पायऱ्यांना भिऊन घरी बसले आहेत. त्यांची नावे आपणा सर्वांना ठाऊक आहेत.

जय जिनेंद्र.