कळ काढणे, कळ देणे



'बोलीतले शब्द' हा आजचा विषय. मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द आहे 'कळ'. त्याचे सगळे अर्थ मला बेळगावच्या दोन परिचारिकांनी शिकवले. त्यांचं ऋण भाषेच्या सभेत सांगावं, असं फार दिवस मनात होतं.

कळ येते, हे सर्वांना ठाऊक आहे. उतावीळ पोराला आपण 'जरा कळ काढ' म्हणतो. 'कळ दे' हे मात्र बाळंतिणीलाच सांगतात. पहिल्यात वेदना आहे, दुसऱ्यात धीर आणि तिसऱ्यात कष्ट. बाळंतपण अडलं की सगळं काही या तिन्हींतला फरक ओळखण्यावर येतं. गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडायचं असतं. त्याआधीच जोर लावला तर बाई दमते, तोंडाला सूजही येऊ शकते.

माझ्या पहिल्या खेपेला ते तोंड रात्रभर उघडेना. दोघी सिस्टर आपसात कन्नड बोलायच्या आणि माझ्याशी मराठी. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजून कागदावर मांडायच्या. मी जोर लावू लागले की थोरली म्हणायची, "आत्ता कळ काढायची गं. तोंडानं श्वास सोड." पहाटे तिनंच सांगितलं, "आता दे कळ. हनुवटी छातीला लाव."

मुलगी झाली, वार पडली, पण रक्त थांबेना. अशा बाळंतपणात ५०० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं की तो अतिस्राव समजतात. पिशवी आकसली तरच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. माझी सैल पडली होती. डॉक्टर इंजेक्शन सांगत होते, धाकटी सलाइन लावत होती. थोरली माझं ओटीपोट चोळत राहिली, पिशवी हाताला घट्ट लागेपर्यंत. मी ओरडले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कळ काढ, बाई." आज मी तुमच्यासमोर उभी आहे, ती त्या हातांमुळे.

पूर्वी सुईणीला खण-लुगडं देऊन तिचा मान करीत. गोव्यात तिला वैजीण म्हणतात. कृतज्ञतेला तेव्हा एक रीत होती. माझ्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचं नाव होतं, या दोघींचं नव्हतं. मी पेढे घेऊन गेले, तेव्हा त्यांची पाळी संपली होती. दोघींची नावं विचारून घेतली आणि घरच्या वहीत लिहून ठेवली.

आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. त्यांचं नाव आपण मुलांना शिकवतो आणि ते शिकवायलाच हवं. पण मी शिकवलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला सुईण किंवा परिचारिका नावानिशी भेटली नाही. पाटीवर 'परिचारिका' आणि तोंडात 'सिस्टर', एवढीच तिची ओळख.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. बोलीतले शब्द गोळा करताना आपण आजीकडे जातो, शेतकऱ्याकडे जातो. तसं प्रसूतिगृहातही जा. वेणा, वार, नाळ हे शब्द तिथे रोज कामाला जुंपलेले असतात, आणि सीमाभागात ते कन्नड बोलणाऱ्या बायकाही जपतात. शब्द टिपाल तेव्हा सांगणारीला विचारून तिचं नावही शेजारी लिहा. खण-लुगड्याची रीत आपण सोडली. निदान एवढी तरी सुरू करू या.