अरकूच्या डोंगरात
(कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



उन्हाळी सहलीविषयी चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आमच्या घरात बोलायला कोणी उभे राहावे यावर एकमत झाले नाही, तेव्हा हे बोलणे साऱ्या घराचे समजावे.

मे महिन्यात सिकंदराबादेत रात्रीसुद्धा गच्चीवर पाय ठेववत नाही, हे आपणांस सांगायला नको. दर वर्षी आमची धाव महाबळेश्वराकडे असते. यंदा मुलांनी हट्ट धरला आणि आम्ही उलट दिशेला, पूर्व घाटात, अरकूला गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला न्यावे की नाही यात आठ दिवस गेले. अखेर तिनेच पिशवी भरून दाराशी ठेवली आणि वाद मिटला.

गोदावरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी विशाखापट्टणम्, आणि तेथून किरंदूलची गाडी. हा लोहमार्ग १९६० च्या दशकात घातला तो बैलाडिलाचे लोहखनिज बंदरात आणून जपानला धाडण्यासाठी. प्रवाशांच्या डोळ्यांचे पारणे फिटावे हा हेतू नव्हता, पण ते फिटते. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की एका अंगाला खोल दरी, समोर हिरवा डोंगर, आणि तो न्याहाळावा तोच पुढचा बोगदा! मुले बोगदे मोजू लागली. विसाच्या पुढे आकड्यावरून मारामारी झाली. शिमिलिगुडा स्थानक ९९६ मीटर उंचीवर आहे. ब्रॉड गेजवरील देशातले सर्वांत उंच स्थानक म्हणून एके काळी त्याची ख्याती होती. तेथे खिडकीतून आलेल्या वाऱ्याने आजीने शाल काढली, मे महिन्यात!

संध्याकाळी उतारूगृहाच्या अंगणात धिंसा नाच ठरला होता. एकीचा हात दुसरीच्या पाठीमागून गुंफून पंधरा-वीस बायकांची साखळी होते आणि डप्पू, तुडुमु, मोरी या वाद्यांच्या तालावर ती सापासारखी वळत जाते. हा नाच मुळात तेथल्या आदिवासींचा, चैत्रातल्या सणाचा नि लग्नकार्याचा. आम्ही मात्र त्याची अर्ध्या तासाची बोली केली होती, तीही घासाघीस करून. मध्येच आमच्यापैकीच एकाने ‘जेवण निवते आहे, आटपा’ असे सांगून टाकले. ते आठवले की अजून मान खाली जाते.

नाच थांबला. एक प्रौढ बाई तेलुगूत म्हणाली, “आमचा पाहिलात, आता तुमचा दाखवा.” आमच्या मुलींनी क्षणभर एकमेकींकडे पाहिले आणि टाळ्या वाजवत बतुकम्माचा फेर धरला. २०१४ साली तेलंगणाचा राज्योत्सव ठरलेली ही बतुकम्मा आमच्या गल्लीत दर वर्षी होते. मुली तिच्यातच वाढल्या. बाई हसली. “हे तेलुगू लोकांचे. तुम्ही तर मराठी म्हणता ना?”

कोणाला उत्तर सुचेना. त्याच नवरात्रात आमच्याकडे भोंडला होत असे, पण चाळ सोडून फ्लॅटमध्ये आल्यापासून तो बंद पडला. पाट कोठे ठेवायचा, शेजारी काय म्हणतील, मुलींच्या परीक्षा. कारणे पुष्कळ होती.

तेवढ्यात आजी उठली. खुर्ची ओढून अंगणाच्या मधोमध बसली नि म्हणाली, “पाटावर हत्ती काढायला इथे खडू नाही. हत्ती मीच. धरा फेर.” गुडघ्यांमुळे तिला नाचता येत नव्हते, पण गळा शाबूत होता. सुनांना निम्मे शब्द आठवत होते, नातींना एकही नाही. त्या बायकांनी मात्र दुसऱ्या फेरीतच पावले उचलली. डप्पूवाल्यानेही ताल धरला. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. निघताना आम्ही थोडे पैसे अधिक देऊ केले. बाईने बोलीइतकेच मोजून घेतले आणि बाकीचे आजीच्या ओटीत टाकले. जेवण अर्थात थंडच जेवलो. खिरापत मात्र राहिली, ही आजीची तक्रार अजून चालू आहे.

परत आल्यापासून थोरली नात रोज दुपारी आजीजवळ वही घेऊन बसते. अकरा गाणी उतरून झाली आहेत. चौथ्यातली दोन कडवी आजीला आठवत नाहीत, आणि सातव्याची चाल ती कधी एक म्हणते, कधी दुसरी. सभागृहात वडीलधाऱ्या भगिनी बसल्या आहेत. वही आम्ही बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी दाराजवळच्या टेबलावर ती ठेवतो.