घाटांतला गिअर आणि फेऱ्यांचा मेळ

तापीचें खोरें म्हणजे सपाटीचा मुलूख. जळगांवहून भुसावळला किंवा धुळ्याहून अमळनेरला मोटारीनें जाणाऱ्यास दुतर्फा केळीच्या बागा आणि कपाशीचीं शेतें दिसत राहतात. चालकाच्या डाव्या हातास मात्र फारसें काम पडत नाहीं. एकदां वरचा गिअर पडला कीं तो बराच काळ तसाच राहतो. परंतु या मुलुखाबाहेर पडावयाचें म्हटलें कीं घाट आडवा येतो. चाळीसगांवहून दक्षिणेस निघालें कीं कन्नडचा, म्हणजेच औट्रम घाट. जळगांवहून फर्दापूरमार्गें गेलें कीं अजिंठ्याचा. धुळ्याहून सुरतेकडे वळलें कीं कोंडाईबारी. आणि आग्रा रस्त्यानें शिरपूर ओलांडलें कीं सातपुड्यांतला बिजासनीचा. खानदेशचे दरवाजे असे चढउताराचे आहेत, आणि चालकाची खरी परीक्षा या दरवाजांत होते.

चढावर मोटार कुरकुरते, म्हणून चालक सावध असतो. उतारावर ती मुकाट्यानें धांवते, आणि धोका तेथेंच असतो. ४ जुलै २०२३ रोजीं शिरपूर तालुक्यांत पळासनेर गांवाजवळ, मध्य प्रदेशाकडून धुळ्याच्या दिशेस येणारा एक कंटेनर अनावर होऊन पुढील वाहनांवर आदळला आणि रस्त्याकडेच्या हॉटेलांत घुसला. किमान दहा माणसें प्राणांस मुकलीं. ब्रेक निकामी झाल्याचें त्या वेळीं सांगण्यांत आलें. त्या एका अपघाताची मीमांसा येथें करावयाची नाहीं. परंतु उतारावर ब्रेक दगा कां देतात, हें मात्र प्रत्येक मोटारवाल्या कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

ब्रेक वेगाचें रूपांतर उष्णतेंत करतो. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला तर ही उष्णता निघून जाण्यास अवसर मिळत नाहीं. घर्षणाचे पट्टे तापतात आणि त्यांची पकड सुटूं लागते. म्हणून जुने चालक सांगत आले आहेत कीं, ज्या गिअरनें घाट चढावा त्याच गिअरनें तो उतरावा. खालच्या गिअरमध्यें इंजिनच चाकांस मागें धरून ठेवतें आणि ब्रेकवरचा भार हलका होतो.

आतां नियम सोपा असला, तरी धांवती गाडी खालच्या गिअरमध्यें आणणें तितकें सोपें नाहीं. समजा, एका मोटारीच्या तिसऱ्या गिअरचें प्रमाण १.४ आहे आणि दुसऱ्याचें २.१. तिसऱ्यांत इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगानें धांवणारी मोटार दुसऱ्यांत येतांच इंजिनाचे फेरे ३,००० झाले पाहिजेत. पण क्लच दाबला कीं इंजिन चाकांपासून सुटें होतें, आणि त्याचे फेरे वाढण्याऐवजीं उलट घटूं लागतात. घटून १,५०० वर आलेल्या इंजिनास, क्लच सोडतांच, ३,००० वर कोणीं ओढावयाचें? अर्थात् चाकांनीं. त्यामुळें गाडीस हिसका बसतो आणि क्लचची तबकडी झिजते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी पावसानें निसरड्या झालेल्या वळणावर असली, तर तीं चाकें घसरून गाडीचा मागचा भाग बाहेर फेंकला जाण्याचीही भीति असते.

हा हिसका टाळण्याचा उपाय एकच: क्लच सोडण्यापूर्वीं ॲक्सिलरेटरला नेमका स्पर्श करून इंजिनाचे फेरे हवे तेवढे वाढवावे. पूर्वींच्या चालकांना तर याहून अधिक करावें लागे. गिअरचे फिरते भाग आपोआप एका वेगावर आणणारी सिंक्रोमेशची योजना कॅडिलॅक मोटारींत १९२८ सालीं आली. परंतु अवजड वाहनांपर्यंत ती पोहोंचण्यास बराच काळ लागला. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस्. टी.ची पहिली बस धांवली, त्या काळच्या बहुतेक मोठ्या गाड्यांत चालकास ‘डबल क्लच’ करावा लागे. क्लच दाबावा, गाडी न्यूट्रल करावी, क्लच सोडावा, ॲक्सिलरेटर दाबून फेरे वाढवावे, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावा, मग क्लच सोडावा. हें सारें डोळा रस्त्यावर ठेवून, केवळ कानाच्या आधारें. शेजारीं बसलेला क्लीनर ही विद्या ऐकूनच शिके. फेऱ्यांचा अंदाज चुकला तर गिअरपेटीच्या करकर आवाजानें सगळ्या गाडीस तें कळे.

सिंक्रोमेशनें दांत्यांची करकर थांबविली, पण इंजिनाचे फेरे जुळविण्याचें काम चालकाकडेच राहिलें. शर्यतीचे चालक तें एका कसरतीनें करीत. उजव्या पायाच्या चवड्यानें ब्रेक दाबून धरावयाचा, आणि त्याच पायाच्या टाचेनें किंवा कडेनें ॲक्सिलरेटर चेपावयाचा. सामान्य गृहस्थास ही कसरत क्वचितच साधते.

ती यंत्राकडे सोंपविण्याची कल्पना स्पोर्ट्स मोटारींतून आली. २००८ सालीं निसान कंपनीनें आपल्या ३७० झेड मोटारीसाठीं ‘सिंक्रोरेव्ह मॅच’ ही योजना जाहीर केली. हातानें गिअर बदलण्याच्या मोटारींत अशी सोय जगांत प्रथमच होत आहे, असें तिचें म्हणणें होतें. पूर्वीं ॲक्सिलरेटरचें पेडल तारेनें इंजिनाच्या हवेच्या झडपेस जोडलेलें असे. पुढें तार जाऊन विजेचा संदेश आला, आणि चालकाचा पाय नसतांही ती झडप उघडणें गणकयंत्रास शक्य झालें. क्लच दाबला आहे काय, दांडी कोणत्या गिअरकडे जात आहे आणि गिअरपेटीचा शाफ्ट किती वेगानें फिरत आहे, हें टिपून तें यंत्र हवे तेवढे फेरे क्षणांत गांठतें. चालकाचा उजवा पाय ब्रेकवरच राहतो. २०१४ च्या कॉर्व्हेटमध्यें आणि इतर मोटारींतही अशी योजना आली. भारतांत २०२३ मध्यें विक्रीस आलेली बीएमडब्ल्यू एम २ ही त्याच जातीची. मागणी केल्यास ती हातानें बदलण्याच्या सहा गिअरांसह मिळूं लागली.

अशा मोटारी खानदेशांत विरळाच. तथापि तत्त्व मोठ्या वाहनांसही लागू आहे. स्वयंचलित रीतीनें गिअर बदलणारे आधुनिक ट्रक खालच्या गिअरवर येतांना इंजिनाचे फेरे स्वतःच जुळवितात.

रसिक चालकांचा या सोयीवर आक्षेप आहे. पाय आणि कान यांनीं कमावलेली विद्या यंत्रानें हिरावून घेतली, असें ते म्हणतात. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. म्हणूनच निसानच्या मोटारींत ही योजना बंद करण्याचें बटणही होतें. उलट पक्षीं, शिकाऊ चालकास अचूक मेळाचा आवाज कसा असतो, हें त्या यंत्राकडूनच ऐकतां येतें. मग बटण बंद करून स्वतःचा पाय त्याशीं पडताळून पाहतां येतो.

खरी सावधगिरी निराळ्या बाबतींत हवी. यंत्र फेरे जुळवितें. कोणता गिअर घ्यावा, हें ठरवीत नाहीं. भरवेगांत तिसऱ्याऐवजीं चुकून पहिला पडला, तर चाकेंच इंजिनास मर्यादेपलीकडे फिरवितील, आणि इंधन तोडणारी योजना तेथें निरुपयोगी ठरेल. कारण इंजिनास फिरविणारें बळ इंधनाचें नसून धांवत्या गाडीचें असतें. शिवाय हिसका बसला नाहीं म्हणजे वेग योग्यच आहे, असा सुखद भ्रम होण्याचा संभव आहे. पूर्वीं गाडीचा धक्का हीच चालकास मिळणारी सूचना होती. ती सूचना आतां बंद झाली.

म्हणून घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्यापूर्वींच, वेग कमी करून गिअर खालीं आणावा. गाडी न्यूट्रलमध्यें सोडून इंधन वांचविण्याचा मोह धरूं नये. ब्रेक वेळोवेळीं दाबावा आणि सोडावा. पाय त्यावर टेंकवून ठेवूं नये. स्पोर्ट्स मोटार असो वा केळीनें भरलेला ट्रक, या नियमास अपवाद नाहीं. फेऱ्यांचा हिशेब यंत्रानें केला तरी चालेल. पण घाटमाथ्यावर क्षणभर थांबून पुढच्या उताराचा विचार करणें, हें काम अद्याप चालकाचेंच आहे, आणि त्याच्या मागें बसलेल्या माणसांचे प्राण त्यावर अवलंबून आहेत.