अधिवृक्क ग्रंथीवर उष्णतेचा उपाय

मनुष्याच्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपी घालावी तशी एक लहानशी ग्रंथि बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. तिचें वजन अवघें 4-5 ग्रॅम. परंतु तिचा अधिकार सर्व शरीरावर चालतो. तिच्या बाहेरच्या थरांतून निघणारे रस रक्तांतील क्षारांचें प्रमाण व रक्ताचा दाब सांभाळतात. आंतल्या गाभ्यांतून ॲड्रेनॅलिन निघतें. या ग्रंथींत गांठ उत्पन्न होऊन ती हे रस वाजवीहून अधिक निर्माण करूं लागली, म्हणजे साऱ्या शरीराचा कारभार बिघडतो.

1954 सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे 34 वर्षांची एक स्त्री आली. तिचा रक्तदाब वाढलेला होता, रक्तांतील पोटॅशियम फार उतरलें होतें आणि हातापायांतील शक्ति वरचेवर जात असे. रोगाचें मूळ अधिवृक्क ग्रंथींत आहे असें अनुमान डॉ. कॉन यांनीं केलें, व दोन्ही ग्रंथि काढण्याची तयारी ठेवून शस्त्रक्रिया आरंभण्यांत आली. उजव्या बाजूस गांठ सांपडली. ती काढली, डावी ग्रंथि वांचली आणि बाई बरी झाली. दोन्ही ग्रंथि गेल्या असत्या, तर तिला जन्मभर औषधांच्या आधारानें जगावें लागलें असतें. रोगट भाग नाहींसा करतांना निरोगी भाग किती गमवावा, हाच पुढील सर्व सुधारणांचा मूळ प्रश्न होय.

1992 सालीं मॉन्ट्रियल येथील डॉ. मिशेल गान्ये व त्यांचे सहकारी यांनीं पोटास लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साहाय्यानें ही ग्रंथि काढल्याचें प्रसिद्ध केलें. मोठा छेद टळला. ग्रंथि मात्र बहुधा सबंध जाई.

उष्णतेच्या उपायांत ग्रंथि काढावयाचीच नसते. सी.टी. स्कॅनच्या चित्रावर नजर ठेवून बहुधा पाठीकडून एक बारीक सुई गांठींत नेतात व तींतून अति जलद कंपनांचा विद्युत्प्रवाह सोडतात. असा प्रवाह स्नायूंना झटका न देतां शरीरांतून जातो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनीं 1891 च्या सुमारास दाखविलें होतें. सुईच्या टोकाभोंवतालचा भाग तापतो. सुमारें 60 अंश सेंटिग्रेडला पेशींतील प्रथिनें उकडलेल्या अंड्याप्रमाणें गोठतात व पेशी मरतात. उष्णता 100 अंशांपलीकडे गेली तर मात्र मांस करपतें आणि त्यांतून ती पुढें पसरत नाहीं. म्हणजे आंच बेताचीच हवी. गांठ मोठी असल्यास शेजारून वाहणारें रक्त उष्णता ओढून नेतें व कडेचा भाग जिवंत राहतो. यास्तव हा उपाय लहान गांठींनाच अधिक लागू पडतो.

खरें संकट निराळेंच आहे. ही ग्रंथि तापतांच तिच्यांतील ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा सांठा एकाएकीं रक्तांत उतरूं शकतो, आणि रक्तदाब क्षणांत भयंकर चढतो. म्हणून भूल देणारा डॉक्टर येथें सुई धरणाऱ्या डॉक्टराइतकाच महत्त्वाचा. गांठच ॲड्रेनॅलिन पाझरविणारी असेल, तर आधीं कित्येक दिवस औषध देऊन शरीराची तयारी करून घ्यावी लागते.

डाव्या ग्रंथीकडे जाण्याची आणखी एक वाट आहे, कारण ती जठराच्या पाठीशींच असते. ब्रिटनमधील डॉक्टरांनीं तोंडावाटें जठरांत दुर्बीण उतरविली, ध्वनिलहरींच्या चित्रावर गांठ पाहिली व जठराच्या भिंतींतून सुई नेऊन ती भाजून टाकली. 2025 सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत 28 रोगी होते. सहा महिन्यांनंतर 21 जणांच्या रक्तांतील दोष पूर्णतः वा अंशतः निवळला; रक्तदाबाच्या बाबतींत मात्र असा गुण 12 जणांनाच आला. रोगी थोडे आणि यश संमिश्र. म्हणून ज्याला शस्त्रक्रिया सोसेल त्याला अद्यापि तीच प्रथम सांगितली जाते. कर्करोगाचा संशय असल्यास तर विशेषच.

उपाय कितीहि सूक्ष्म झाला, तरी गांठ आधीं ओळखली गेली पाहिजे. आणि पुष्कळ रोग्यांत ती शोधलीच जात नाहीं. श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं तरुण वयांत चढलेला, किंवा तीनतीन औषधांना न जुमानणारा रक्तदाब असेल, तर आल्डोस्टेरॉन व रेनिन यांची रक्ततपासणी करावी काय, एवढा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. मिशिगनच्या त्या बाईला वांचविलें तें शस्त्रानें खरें. पण शस्त्राच्याहि आधीं एका वैद्याला आलेल्या शंकेनें.