सायकीचा भाव आणि सायकीची घनता

सायकी या लघुग्रहाची बातमी आली, की पाठोपाठ त्याची किंमतही येते. त्यातल्या लोखंडाचा भाव एकावर एकोणीस शून्ये इतके डॉलर! हा हिशेब मांडणाऱ्या लिंडी एल्किन्स-टँटन याच आज ‘नासा’च्या सायकी मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ आहेत. तिथला धातू इथवर आणण्याचे तंत्र आपल्याकडे नाही आणि आणलाच तर बाजारभाव कोसळेल, हेही त्यांनीच सांगितले आहे. ते मात्र बातम्यांमध्ये मागे राहते.

खरे कुतूहल वाटावे ते त्याच्या जन्माचे. १७ मार्च १८५२ रोजी नेपल्सच्या वेधशाळेतून आनिबाले दे गास्पारिस यांनी तो शोधला. लघुग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक सोळावा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात तो पाच वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. सर्वांत रुंद ठिकाणी त्याची रुंदी सुमारे २८० किलोमीटर भरते.

पृथ्वीवरून सोडलेल्या रडारच्या लहरी सायकीवरून जोरकसपणे परततात, तशा त्या साध्या खडकावरून परतत नाहीत. त्यावरून एक कथा उभी राहिली. सूर्यमालेच्या बालपणी एखादा छोटा ग्रह वितळला, लोखंड तळाशी उतरले, पुढे टकरींमध्ये वरचे खडकाचे कवच उडाले आणि उघडा पडला तो गर्भ म्हणजे सायकी. आपल्या पृथ्वीचा गर्भ २,९०० किलोमीटर खोल आहे. रशियातल्या कोला इथला सर्वांत खोल बोअर जेमतेम १२ किलोमीटरवर थांबला. साहजिकच उघड्यावर आलेल्या गर्भाच्या या कथेने सगळ्यांना भुरळ घातली.

पण घनतेचे गणित जुळेना.

सायकी इतर लघुग्रहांना किती ओढतो, यावरून त्याचे वस्तुमान काढता येते. त्याला आकारमानाने भागले, की घनसेंटिमीटरला सुमारे चार ग्रॅम मिळतात. लोखंडाची घनता आठच्या जवळपास, खडकाची साधारण तीन. म्हणजे हा गोळा भरीव लोखंडाचा नाही. आत पोकळ्या असतील किंवा धातू आणि खडक एकमेकांत मिसळले असतील. पूर्वी नव्वद टक्क्यांपर्यंत सांगितला जाणारा धातू आता आकारमानाच्या ३० ते ६० टक्के धरला जातो. त्यात २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून पृष्ठभागावर जलयुक्त खनिजांच्या खुणा मिळाल्या. लोखंडी गर्भावर त्या कुठून आल्या? बहुधा दुसऱ्या लघुग्रहांच्या माऱ्यातून.

१३ ऑक्टोबर २०२३ रोजी केनेडी अवकाश केंद्रातून सायकी मोहिमेचे यान निघाले. झेनॉन वायूचे आयन मागे फेकून ते पुढे सरकते आणि त्याचा रेटा केवळ तळहातावरच्या एका पेन्सिल सेलच्या वजनाइतका आहे. पण तो महिनोन्‌महिने मिळत राहतो. नियोजनानुसार २०२९ मध्ये यान तिथे पोहोचेल. यानाच्या दोन मीटर लांब दांड्यावर चुंबकत्व मोजणारे दोन संवेदक आहेत. सायकीत जुन्या चुंबकत्वाचा ठसा सापडला, तर तिथे कधीकाळी वितळलेला धातू घुसळत होता, याला मोठा आधार मिळेल. नाही सापडला, तर भिस्त गॅमा-किरण वर्णपटमापकावर: पृष्ठभागावरच्या लोखंडात निकेल किती, हे तो सांगेल आणि त्यावरून हा धातू गर्भातला आहे का, याचा अंदाज येईल.