हद्दीवरचा विक्रेता : वस्तू व सेवा कर आणि सोलापूरचा ऑनलाइन व्यापार

सोलापूरची चादर पाचशेहून अधिक किलोमीटर लांब नागपूरला गेली, तरी वस्तू व सेवा कराच्या हिशेबात ती राज्यांतर्गत विक्री ठरते. तीच चादर शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरला पाठवली, की विक्री आंतरराज्य होते. अक्कलकोट तालुका संपला की कर्नाटक लागते, आणि हैदराबादशी सोलापूरच्या पेठांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेले आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिलेला नसला, तर विक्री सोलापूरचीच धरली जाते. ऑनलाइन विक्रीत मात्र प्रत्येक पार्सलवर पत्ता असतो. म्हणून छोट्या ऑनलाइन विक्रेत्याची जबाबदारी त्याच्या उलाढालीपेक्षा या हद्दीवर अधिक ठरते.

हा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. नोंदणीसाठी उलाढालीची सर्वसाधारण मर्यादा २० लाख रुपये होती. १ एप्रिल २०१९ पासून केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी ती महाराष्ट्रात ४० लाख झाली. यातला ‘केवळ’ हा शब्द सोलापूरच्या पूर्व भागात फार महत्त्वाचा आहे. तिथे स्वतःचे टॉवेल विकणारा यंत्रमागधारक अनेकदा दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवरही विणतो. मजुरीचे काम ही सेवा असल्याने त्याला ४० लाखांची सवलत मिळत नाही, २० लाखांचीच मर्यादा लागते. शिवाय उलाढाल मोजायची ती एका पॅन क्रमांकावरच्या देशभरातल्या सगळ्या व्यवसायांची मिळून.

मर्यादेच्या आत असलेला विक्रेता व्हॉट्सॲपवर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर महाराष्ट्रातल्या ग्राहकांना माल विकत असेल, तर त्याला नोंदणी लागत नाही. पण करपात्र मालाचे पहिले पार्सल कलबुर्गीला रवाना करायचे म्हटले, की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी घ्यावी लागते. हातमाग व हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना आंतरराज्य विक्रीत काही सूट आहे. यंत्रमागावरच्या चादरीला ती नाही, आणि सोलापूरचा बहुतांश माल यंत्रमागाचाच आहे.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारमंचांवर विकणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक होता. तिथे माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो सैल झाला. आता मर्यादेच्या आतला विक्रेता नोंदणीशिवाय मंचावर उतरू शकतो. मात्र त्याने एकाच राज्यातून आणि त्याच राज्यात विकले पाहिजे. पॅन व व्यवसायाचा पत्ता जीएसटी पोर्टलवर देऊन त्याला आधी नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत विक्री करता येत नाही. अशा विक्रेत्याच्या रकमेतून मंचाने टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशांतून आधीच कापून घ्यायचा कर, कापायचा नसतो. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यालाही त्याच दिवसापासून मंच खुला झाला, तोही राज्यापुरताच. त्याची उलाढालीची मर्यादा दीड कोटी, दर एक टक्का. तो ग्राहकाकडून कर घेऊ शकत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही त्याला मिळत नाही.

ही सवलत पुण्याच्या विक्रेत्याला जितकी उपयोगी, तितकी सोलापूरच्या विक्रेत्याला नाही. त्याचे जवळचे गिऱ्हाईक हद्दीपलीकडचे आहे. लहान विक्रेत्याची उलाढाल तीच राहते, पार्सलवरचे राज्य बदलते एवढेच. म्हणून ४० लाखांची मर्यादा मंचावरच्या आंतरराज्य विक्रीलाही लागू व्हावी, ही मागणी न्याय्य आहे आणि ती ठामपणे मांडायला हवी.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून मंच टीसीएस कापतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. करपूर्व ४०० रुपयांच्या टॉवेलवर ही रक्कम दोन रुपये होते. हे कमिशन नव्हे, विक्रेत्याचेच पैसे आहेत. मंचाने पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत विवरण भरले, की ती नोंद पोर्टलवर दिसते. विक्रेत्याने ती स्वीकारली की पैसे त्याच्या रोख खातेवहीत येतात. स्वीकारायचे राहिले, तर ते तिथेच अडकतात. मंचाच्या कमिशनवर लागणाऱ्या १८ टक्के कराची वजावटही नियमित नोंदणी असलेल्यालाच मिळते.

चादरी, टॉवेल आणि सोलापुरी गणवेश यांवरचा दर नगाच्या किमतीवर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. पूर्वी ही रेषा हजार रुपयांवर होती आणि तिच्या वर १२ टक्के. सोलापूरचा बराचसा माल आता खालच्या दरात बसतो.

पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला विवरण तिमाही भरता येते, पण कर दरमहा भरायचा असतो. विक्री झाली नाही तरी विवरण चुकवता येत नाही. खरी कटकट परत आलेल्या मालाची. परताव्यासाठी क्रेडिट नोट काढली नाही, तर मंचाच्या विवरणातली निव्वळ विक्री आणि विक्रेत्याच्या विवरणातला आकडा जुळत नाही, आणि नोटीस येते. दर महिन्याला दोन्ही आकडे शेजारी ठेवून तपासणे हाच त्यावरचा उपाय.

गोदामाचा प्रश्नही हद्दीचाच आहे. माल मंचाच्या भिवंडीच्या गोदामात ठेवला, तर आहे त्याच नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून ते जोडले की झाले. हैदराबादच्या गोदामात ठेवला, तर तेलंगणात स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र विवरणे येतात. तिथे स्वतःचे कार्यालय नसलेल्या विक्रेत्याला जागेचा पुरावा देणे हीच मोठी अडचण असते. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मधल्या ५६व्या बैठकीत, मंचांवरून अनेक राज्यांत विकणाऱ्या छोट्या पुरवठादारांसाठी सोप्या नोंदणीची कल्पना तत्त्वतः मान्य केली, ती याच अडचणीमुळे.